निकालमामा, मुक्काम परभणी

निकालमामांनी भारतीय हॉकीचे जेवढे प्रशिक्षक आजवर घरी पाठवले, तेवढे दिल्लीच्या पदाधिकाऱ्यांनीही पाठवले नसतील. तसा दिल्लीचाही हात या कामात काही आखडता नाही. होसे ब्रासा, मायकेल नॉब्स, टेरी वॉल्श, पॉल व्हॅन अस, रोलंट ओल्टमन्स, शोर्ड मारिने, हरेंद्र सिंग, ग्रॅहम रीड ही मंडळी 2009 ते 2023 या चौदा वर्षांत आली आणि गेली. व्हॅन अस यांनी तर 2015 मध्ये नीट सामान सोडण्याआधीच बांधायला घेतलं. पण मामांच्या झपाट्यापुढे हे काहीच नाही. परभणीच्या स्टेशन रोडवर टपरीपुढचं बाकडं हे मामांचं कार्यालय. चहा बशीत ओतायचा, फुंकर घालायची आणि पहिल्या घोटानंतर आदेश काढायचा : "हटवा त्याला!"

निकालमामा हे कुणा एका माणसाचं नाव नव्हे, ते पद आहे. सेलूत ते आहे, मानवतच्या कापूस बाजारात आहे, पूर्णा जंक्शनवर गाडीला उशीर झाला की फलाटावर दोन-दोन निकालमामा सापडतात. वय साधारण साठीच्या अलीकडे-पलीकडे. सरकारी नोकरीतून निवृत्त. जिंतूर रस्त्याला पाच-सात एकर काळी जमीन, एक पोरगा पुण्याला, एक संभाजीनगरला. वर्तमानपत्र शेवटच्या पानावरून वाचायला सुरुवात करायची आणि बातमीत फक्त दोन आकडे बघायचे : आपले गोल आणि त्यांचे गोल. मधला मजकूर मामांच्या मते बातमीदाराच्या पोटापाण्यासाठी असतो.

सामना आपण जिंकला तर पोरं खेळली. हरला तर कोच नालायक. बरोबरीत सुटला तर पंच विकला गेला. या तीन खणांच्या कपाटात मामा जगातला कुठलाही सामना बसवतात. चौथा खण फक्त जर्मनीसाठी राखीव आहे. कारण उघड आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण ज्याच्या कानावर जन्मापासून पडली, त्याला जर्मनीशी परक्यासारखं वागता येत नाही. टोकियोत 5 ऑगस्ट 2021 ला आपण जर्मनीला 5-4 असं हरवून ऑलिंपिकचं कांस्य घेतलं. 1980 नंतर हॉकीतलं पहिलं पदक. सगळं गाव पेढे वाटत होतं, तेव्हा मामांचा चेहरा सोयरिकीतल्या भांडणात दोन्हीकडून बोलावणं आलेल्या माणसासारखा झाला होता. पुढे पॅरिसला 2024 च्या उपांत्य सामन्यात त्याच जर्मनीनं आपल्याला 2-3 असं परतवलं, तेव्हा मात्र मामांनी प्रशिक्षकाला हात लावला नाही. "घरच्याच माणसाकडून हरलाव," म्हणाले, "त्यात काय लाज!"

एरवी मामांची दयामाया फक्त स्वतःच्या शेतापुरती असते. औंदा सोयाबीनला चांगला उतारा पडला, तर तो मामांच्या हाताचा गुण : बियाणं त्यांनी निवडलं, पेरणीची वेळ त्यांनी साधली, फवारणी त्यांनी वेळेवर केली. उतारा घसरला, तर पाऊस. कधी पाऊस लांबला, कधी फुलोऱ्यात दडी मारून बसला, कधी काढणीच्या तोंडावर शेंगेला कोंब फुटेस्तोवर कोसळला. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 1972 पासून परभणीतच आहे, तिथल्या कुणी शास्त्रज्ञानं मामांना 'मशागतीत चूक झाली असेल' असं म्हणून बघावं. आता हाच न्याय हॉकीच्या प्रशिक्षकाला लावायचा झाला, तर मामा नेमका उलटा लावतात. जिंकलं की त्याचं नशीब, हरलं की त्याची मशागत.

याचा सर्वांत मोठा प्रयोग 2025 च्या जूनमध्ये झाला. प्रो लीगच्या युरोपातल्या टप्प्यात क्रेग फुल्टन यांच्या भारतीय संघानं ओळीनं सात सामने गमावले. नेदरलँड्सकडून 1-2 आणि 2-3. अर्जेंटिनाकडून 3-4 आणि 1-2. ऑस्ट्रेलियाकडून 2-3 आणि पुन्हा 2-3. मग बेल्जियमकडून 3-6. मामांनी त्या पंधरवड्यात फुल्टन यांना सात वेळा काढलं. शेवटी शेवटी तर टपरीवाला पोऱ्याच विचारायचा, "मामा, आज काढायचाय का कालचाच पुरे?" सातांतले पहिले सहा सामने एकेका गोलानं गेले होते, हे कुणी सांगायला गेलं की मामा बोट वर करायचे. "एक असो की दहा. रेल्वे एक मिनिटानं चुकली काय अन् एक तासानं, माणूस फलाटावरच ना?"

या युक्तिवादावर स्टेशन रोडवर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही. देवगिरी एक्स्प्रेस चुकलेला माणूस शेजारीच बसलेला असतो, तो तर मुळीच बोलत नाही.

आठव्या सामन्यात त्याच बेल्जियमला आपण 4-3 असं हरवलं. आणि सप्टेंबरात राजगीरला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 4-1 असं लोळवून 2026 च्या विश्वचषकाचं तिकीट काढलं. प्रशिक्षक तोच. कर्णधार हरमनप्रीत सिंगच. आहार, सराव, भाषणं सगळं तेच. आता याचा अर्थ काय लावायचा? मामांनी लावला : "जूनमधी आपण बोललो, म्हणून सुधारला."

इथे मामांच्या भाच्याचा प्रवेश होतो. हेही एक पदच आहे. भाचा हिंजवडीला संगणकात असतो, दिवाळीला परभणीला येतो आणि फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडतो. मामा जिथे दोन आकडे बघतात तिथे भाचा चाळीस बघतो : विरोधी डीमध्ये किती वेळा शिरलो, किती फटके मारले, किती पेनल्टी कॉर्नर कमावले, किती वाया घालवले, चेंडू किती वेळ आपल्या काठीला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, क्रिकेटमध्ये दोन्हीकडून शेकड्यानं धावा होतात, त्यामुळे एखादा कड लागून गेलेला चौकार त्या ढिगात विरून जातो. हॉकीत साठ मिनिटांत होऊन होऊन चार-पाच गोल. त्यातला एक कुणाच्या पायाला लागून वळला, एक गोलखांबावरून आत गेला, की सामना फिरला. म्हणून प्रशिक्षकाची पारख गोलांवरून करू नये, गोल ज्यातून होतात त्या संधींवरून करावी. आणि तीही एका स्पर्धेवर नव्हे, वर्ष-दोन वर्षांच्या खेळावर.

"संधी?" मामा चकली मोडत विचारतात. "संधी तर मला तहसीलदार व्हायचीबी होती."

भाच्याचं आवडतं उदाहरण ग्रॅहम रीड यांचं. टोकियोचं कांस्य याच रीड यांच्या हाताखाली आलं. 2023 च्या जानेवारीत ओडिशात विश्वचषक झाला. गटात आपण एकही सामना हरलो नाही : स्पेनवर 2-0, इंग्लंडशी 0-0, वेल्सवर 4-2. इंग्लंडचेही गुण तेवढेच, पण गोलफरकावर ते वर गेले आणि आपल्याला उपांत्यपूर्व फेरीआधी न्यूझीलंडशी एक जादा सामना खेळावा लागला. 22 जानेवारी, रविवार, भुवनेश्वर. आपण 2-0 ने पुढे, मग 3-1 ने पुढे. पेनल्टी कॉर्नरांचा खच पडला होता. आणि वेळ संपली तेव्हा 3-3.

पुढे शूटआउट. यात काय होतं, ते मामांनाही पाठ आहे : 23 मीटरच्या रेषेवरून एकटा खेळाडू चेंडू घेऊन निघतो, समोर एकटा गोलरक्षक, हातात आठ सेकंद. पाच-पाच संधींनी निकाल लागला नाही, तेव्हा सडन डेथ. मधेच आपले गोलरक्षक श्रीजेश जखमी होऊन बाहेर गेले, कृष्ण पाठक आत आले. 4-5 असा आपण शूटआउट हरलो आणि विश्वचषकातून बाहेर पडलो. 30 जानेवारीला रीड यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर विश्लेषणाचं काम बघणारे ग्रेग क्लार्क हेही गेले. म्हणजे आकडे ठेवणाराच आकड्यानं गेला.

भाच्याचा खरा मुद्दा यापुढे आहे. तो विश्वचषक जिंकला कुणी? जर्मनीनं. कसा? उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडविरुद्ध 0-2 ने मागे, शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी, मग शूटआउट. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 0-2 ने मागे, तिथून 4-3. अंतिम सामन्यात बेल्जियमविरुद्ध पुन्हा 0-2 ने मागे, मग 3-3, आणि पुन्हा शूटआउट. जर्मनीचे प्रशिक्षक आंद्रे हेनिंग विश्वविजेते झाले. रीड यांना एका शूटआउटनं घालवलं, हेनिंग यांना दोन शूटआउटांनी डोक्यावर घेतलं. आठ-आठ सेकंदांच्या त्या धावण्यात बाहेर बाकावर बसलेल्या माणसाची अक्कल कितीशी असते?

"जर्मनीचं काढू नको," एवढंच मामा म्हणतात.

भाचाही काही धुतल्या तांदळाचा नाही. त्याचे आकडे सोयीप्रमाणे बोलतात. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध 17 व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड दाखवलं गेलं. उरलेला सगळा सामना आपण दहा जणांनिशी खेळलो. फटके ब्रिटनचे जास्त, पेनल्टी कॉर्नर त्यांचे जास्त, चेंडूचा ताबा त्यांचा. 1-1 अशी बरोबरी राहिली आणि शूटआउटमध्ये श्रीजेशच्या जोरावर आपण 4-2 ने जिंकलो. भाच्याच्या कोष्टकाप्रमाणे तो सामना ब्रिटनचा होता. पण त्या दिवशी कोष्टक मिटवून तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाचत होता. तेव्हा मामांनी फोनवर विचारलं, "कामून रे, आज संधी मोजल्या नाहीस?" भाच्यानं रेंज नसल्याचं सांगितलं.

आकड्यांना आणखी एक खोड असते. आघाडीवर असलेला संघ मागे सरून गोल राखतो आणि पिछाडीवरचा जिवाच्या आकांतानं चढाया करतो. त्यामुळे फटक्यांची बेरीज पुष्कळदा हरणाऱ्याच्याच खात्यात मोठी दिसते. शिवाय फुल्टन यांचं धोरणच मुळी 'आधी बचाव भक्कम, मग विजय' असं. अशा माणसाला चेंडूच्या ताब्यावरून जोखायचं म्हणजे कापसाच्या व्यापाऱ्याला उसाच्या टनावरून जोखण्यासारखं झालं. हे भाच्याला माहीत असतं. पण वादात सगळं माहीत असलेलं बोलायचं नसतं, एवढी समज त्याला मामांकडूनच आलेली आहे.

एका दिवाळीत भाच्यानं वाद थेट उत्तर अमेरिकेत नेला. तिथे बर्फावर हॉकी खेळतात. हिशेबी लोकांनी त्यात एक साधी बेरीज शोधून काढली आहे : संघाच्या फटक्यांपैकी किती टक्के गोलात गेले, अधिक आपल्या गोलरक्षकानं किती टक्के अडवले. साऱ्या लीगची मिळून ही बेरीज 100 येते. एखाद्या संघाची 102 वर गेली की गावभर प्रशिक्षकाचा जयजयकार, आणि मग बेरीज हळूहळू 100 कडे घसरू लागली की त्याच माणसाची गच्छंती. पॅट्रिक रॉय यांना कोलोरॅडोच्या 2013-14 च्या मोसमासाठी वर्षातल्या उत्कृष्ट प्रशिक्षकाचा जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार मिळाला. पुढचे दोन्ही मोसम संघ बाद फेरीतही पोचला नाही आणि 2016 मध्ये रॉय पायउतार झाले. कॅल्गरीच्या बॉब हार्टली यांना पुढच्याच वर्षी तोच पुरस्कार मिळाला. त्यांनाही 2016 मध्येच काढलं. मायकेल मॉबुसिन या लेखकानं 2012 च्या पुस्तकात हिशेब मांडला की, बास्केटबॉलच्या मोसमातल्या यशापयशात नशिबाचा वाटा सुमारे 12 टक्के, तर बर्फावरच्या हॉकीत तब्बल 53 टक्के.

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बर्फावर पाय घसरणारच की रे. त्यात नशीब आलंच."

गंमत अशी की, इतिहास काढायला बसलं तर मामांकडे भाच्यापेक्षा जास्त माल आहे. फक्त तो कुठल्या बाजूचा पुरावा आहे, याची त्यांना फिकीर नसते. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्ध आपण 1-0 ने पुढे होतो. जिंकलो असतो तर उपांत्य फेरी. सामना संपायला दोन मिनिटंही उरली नसताना पोलंडनं गोल केला. प्रशिक्षक होते व्ही. भास्करन, 1980 च्या सुवर्णपदक विजेत्या संघाचे कर्णधार. मुंबईचे सेड्रिक डिसूझा यांना 2002 च्या क्वालालंपूर विश्वचषकात स्पर्धा चालू असतानाच बाजूला केलं. मुंबईचेच जोकिम कार्व्हालो 2007 च्या सप्टेंबरात चेन्नईला आशिया चषक जिंकून देतात, अंतिम सामन्यात कोरियावर 7-2 असा विजय. आणि 2008 च्या मार्चमध्ये चिलीतल्या सँटियागोला ब्रिटनविरुद्ध एक सामना 0-2 असा जातो, 1928 नंतर पहिल्यांदा भारत ऑलिंपिकला मुकतो आणि कार्व्हालो राजीनामा देतात. सहा महिन्यांत माणसाची हुशारी एवढी आटते का?

आणि जिंकूनही सुटका नसतेच. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत खडकीच्या धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली 32 वर्षांनी सुवर्ण आलं, तेही कोरियाविरुद्ध टायब्रेकरवर. त्यानंतर प्रशिक्षक एम. के. कौशिक यांना नारळ मिळाला आणि धनराजसह काही खेळाडूही संघाबाहेर झाले. हे प्रकरण निघालं की मामा जरा अस्वस्थ होतात. कारण जिंकणाऱ्याला काढायचं, हा खण त्यांच्या कपाटात नाही. "ते राजकारण होतं," म्हणून ते बशी खाली ठेवतात.

उलटं उदाहरण मामांना आणखी जड जातं. टोकियोत महिला संघ पहिले तिन्ही सामने हरला : 1-5, 0-2, 1-4. मामांनी या संघाचे प्रशिक्षक शोर्ड मारिने यांच्या विमानाचं तिकीटसुद्धा मनातल्या मनात काढून ठेवलं होतं. मग पोरींनी आयर्लंडला 1-0 आणि दक्षिण आफ्रिकेला 4-3 असं हरवलं. तरीही पुढे जाणं आपल्या हातात नव्हतं. ब्रिटननं आयर्लंडला हरवलं, तेव्हा दार उघडलं. उपांत्यपूर्व सामन्यात गुरजीत कौरच्या एका पेनल्टी कॉर्नरवर आणि सविता पुनियाच्या गोलरक्षणावर ऑस्ट्रेलिया गारद झाली. मारिने रातोरात देशाचे लाडके झाले. मामांनी तिकीट गुपचूप रद्द केलं आणि संध्याकाळी टपरीवर सांगितलं की, त्या माणसात काहीतरी आहे हे त्यांना पहिल्या पराभवातच दिसलं होतं.

मामा हॉकी नुसती टीव्हीवरच बघतात असं मात्र नाही. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कपचे अखिल भारतीय सामने लागले की, ते पॅसेंजरनं जाऊन खालसा हायस्कूलच्या मैदानाच्या कडेला उभे राहतात. तिथे टर्फ नाही, माती आहे. तिथे उन्हात तीन तास उभं राहिल्यावर मामा अगदी वेगळं बोलतात. चेंडू कुठे उसळला, काठी कुठे अडली, कुणाला ऊन डोळ्यावर आलं, सगळं त्यांना दिसतं. हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला ते स्वतःहून चहा पाजतात. "पोरं चांगली तयार केली, सर. गोल नाही लागला, जाऊ द्या." परतीच्या गाडीत पूर्णा गेलं की हा गुण ओसरायला लागतो आणि परभणीला उतरेपर्यंत मामा पुन्हा पहिल्यासारखे ठणठणीत होतात.

या सगळ्याचा फटका शेवटी बसतो तो एका गरीब माणसाला. मामा गावाकडच्या शाळेच्या समितीवर आहेत. शाळेचे पीटीचे सर पोरांना हॉकी शिकवतात. चित्रकलेचा तास आणि पोषण आहाराची नोंदवहीही त्यांच्याकडेच. नेहरू चषकाच्या जिल्हास्तरीय सामन्यांना औंदा शाळेचा संघ गेला. दोन सामने झाले. पहिला जिंकला. दुसऱ्यात बरोबरी चालली असताना समोरच्या पोरानं लांबून एक रामभरोसे फटका हाणला. भुरभुर पावसानं मैदानातल्या काळ्या मातीची ढेकळं झाली होती. चेंडू एका ढेकळावर आदळला, गोलरक्षक पोराच्या पॅडवरून बेडकासारखा उडाला आणि आत गेला. सामना गेला, संघ घरी.

समितीच्या बैठकीत मामांनी विषय काढला. सर हजर होते. शिट्टी अजून गळ्यात होती आणि पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल.

"सर, निकाल काय म्हणायचा हा?" मामांनी विचारलं. "दरसाल असंच व्हायलंय. कोच बदलायचा का?"

सरांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि परत घडी घातली. "मामा, दोन मॅचेस झाल्या. एक जिंकलो, एक गेली. म्हणजे पन्नास टक्के. आपल्या शाळेचा दहावीला गणिताचा किती लागला औंदा?"

गणिताचे सर म्हणजे मामांचे धाकटे मेहुणे. बैठकीत कुणीतरी खोकलं.

"गणिताचं वेगळं हाय," मामा म्हणाले. "त्या बॅचला पोरंच तशी आली होती. वरून पेपर लई अवघड काढला बोर्डानं."

"अन् ढेकूळ?" सरांनी विचारलं.

"ढेकूळ तुम्ही फोडून ठेवायचं होतं," मामा म्हणाले आणि पुढचा विषय पुकारला : शाळेच्या पत्र्याची गळती.